तक्रारीकडून उपायाकडे

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात संस्थेच्या कार्यवाहांनी केलेले भाषण)



स्नेहमेळाव्यात कार्यवाहाने काय बोलावे, याचा एक साचा ठरून गेला आहे. आधी वर्षभरातील कार्याचा आढावा, मग देणगीदारांचा ऋणनिर्देश आणि शेवटी अडचणींचा पाढा. हा साचा आम्हीच घडविला असल्याने त्याविषयी कोणास दोष देता येत नाही. यंदा अहवालाचे काम हाती घेतले तेव्हा संस्थेचे जुने अहवाल कपाटातून काढून आम्ही ते ओळीने वाचले. प्रारंभी अभिमान वाटला. पुढे पुढे संकोच वाटू लागला. प्रत्येक अहवालातील 'अडचणी व अपेक्षा' हे प्रकरण जवळजवळ शब्दशः एकच होते. तज्ज्ञ डॉक्टर ग्रामीण भागात टिकत नाहीत. रुग्ण अखेरच्या अवस्थेत आणले जातात. रस्ते खराब आहेत, वीज जाते, अनुदान मिळत नाही, नातेवाईक सूचना पाळीत नाहीत. एका वर्षी तर छापखान्याने आदल्या वर्षाचाच मजकूर पुन्हा जुळवून टाकला होता आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. मुद्रिते आम्हीच तपासली होती.

या तक्रारी खोट्या होत्या असे मुळीच नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून आपण सर्वांनी या अडचणी भोगल्या आहेत. गंभीर रुग्ण म्हटला की नांदेड, परभणी, अकोला, नाही तर थेट छत्रपती संभाजीनगर गाठायचे, हे आपल्या अंगवळणी पडले होते. हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२४ साल उजाडावे लागले. तेव्हा तक्रारीस कारण होते, आजही आहे. पण तक्रार खरी असली की तिची सवय अधिक घट्ट होते, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. खोटी तक्रार कोणी तरी खोडून काढतो. खऱ्या तक्रारीपुढे सारे मान डोलावतात, चहा येतो, आणि बैठक संपते.

या ठिकाणी आपल्याच भूमीतील एका कथेचे स्मरण होते. संत नामदेवांचे नरसी आणि विसोबा खेचरांचे औंढा नागनाथ ही दोन्ही ठिकाणे आपल्याच जिल्ह्यातील. परंपरेने सांगितलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक थापटून पाहिले आणि नामदेवांस 'कच्चे मडके' ठरविले. नामदेव रुसले. त्यांनी पंढरीस जाऊन थेट विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घातले. विठ्ठल हा तर त्यांचा सखा. त्याने गोरोबांची समजूत काढावी, अशी त्यांची अपेक्षा असणार. विठ्ठलाने त्यांस औंढ्यास विसोबांकडे पाठविले. तेथे पाहतात तो विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले! नामदेवांनी पुन्हा तक्रार केली. तेव्हा विसोबा म्हणाले, आम्ही म्हातारे झालो, पाय हलत नाहीत. जेथे देव नसेल तेथे तूच ते उचलून ठेव. पुढे काय झाले ते आपण कीर्तनांतून ऐकतोच. कीर्तनकार त्यातून अद्वैताचा अर्थ काढतात आणि तोच मुख्य अर्थ आहे. आम्हां व्यवहारी माणसांची नजर मात्र विसोबांच्या एका कृतीवर खिळते. तक्रार करणाऱ्याशी त्यांनी वाद घातला नाही, स्वतःचे समर्थनही केले नाही. ज्या पायांविषयी तक्रार होती, ते पाय त्यांनी तक्रारदाराच्याच हाती दिले.

आमच्या हाती असे पाय कधी आले, ते आता सांगतो. प्रसंग सांगण्यास जड आहे, पण या घरच्या मेळाव्यात तो लपवून ठेवणे योग्य होणार नाही.

काही वर्षांपूर्वी, ऊसतोडीचा हंगाम आटोपून माणसे गावी परतत होती त्या दिवसांत, एका मध्यरात्री सेनगाव तालुक्याच्या टोकाकडील एका तांड्यावरून एक गर्भवती भगिनी पिकअप गाडीत घालून आणली गेली. प्रसूती अडलेली होती. आमच्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी शर्थ केली. मातेचे प्राण वाचले, बाळ वाचले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही नोंदवही पाहिली. शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द होते : 'उशिरा आणले'. हा शेरा आमच्या परिचयाचा होता. तो त्या वहीत पानोपानी होता, आणि त्या शेऱ्यासरशी प्रत्येक प्रकरण आमच्या लेखी मिटत होते.

त्या भगिनीची सासू वऱ्हांड्यात बसली होती. आम्ही तिच्याजवळ गेलो आणि, आज सांगताना लाज वाटते, पण समजावणीच्या सुरात म्हणालो, "आजी, थोडं लवकर आणायला हवं होतं." ती रडत नव्हती. आमच्याकडे पाहून म्हणाली, "आम्ही तर दोनलाच आलो होतो, दादा. तुमच्या दारातच उभे होतो की."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. म्हणूनच ते आम्हास झोंबले. फाटकावरील वॉचमनच्या वहीत गाडी आल्याची वेळ दोन वाजून दहा मिनिटे होती. प्रसूतिकक्षातील पहिली नोंद दोन वाजून पन्नास मिनिटांची होती. या दोन नोंदी आमच्याच इमारतीत, एकमेकींपासून शंभर पावलांवर होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून कोणी कधी पाहिल्या नव्हत्या.

मातामृत्यूंच्या अभ्यासात 'तीन विलंब' ही एक सर्वमान्य मांडणी आहे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ साली ती मांडली. पहिला विलंब घरात होतो, दवाखान्यात न्यावे की न न्यावे हे ठरविण्यात. दुसरा वाटेवर होतो, वाहन व रस्ता यांमुळे. तिसरा विलंब दवाखान्याच्या दारात पोहोचल्यानंतर प्रत्यक्ष उपचार सुरू होईपर्यंत होतो. आमचा 'उशिरा आणले' हा शेरा पहिल्या दोन विलंबांचा हिशेब दुसऱ्याच्या नावे मांडून वही मिटत होता. तिसऱ्यासाठी आमच्या वहीत रकानाच नव्हता. ती चाळीस मिनिटे वाचली असती तर ते बाळ जगले असते, असे आमचे डॉक्टर म्हणत नाहीत आणि आम्हीही म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ती चाळीस मिनिटे आमची होती.

मग आम्ही त्या चाळीस मिनिटांची चौकशी केली. दोषी शोधण्यासाठी चौकशी केली असती तर पहिल्याच दिवशी सारे गप्प झाले असते. आम्ही वेळ शोधीत होतो, माणूस शोधीत नव्हतो. वॉचमन, रात्रपाळीच्या सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी आणि केसपेपर काढणारा लिपिक यांना एकत्र बसविले आणि गाडी फाटकात आल्यापासून काय काय घडले, ते ज्याचे त्याने सांगावे असे म्हटले. फाटकाला कुलूप होते आणि किल्ली लिपिकाकडे होती. लिपिक आत झोपला होता, कारण रात्री केसपेपर क्वचितच लागतात. अनामत रक्कम भरून घेतल्याशिवाय केसपेपर करू नये, अशी सूचना त्याला होती. ती सूचना आमच्याच सहीची. नातेवाइकांजवळ तेवढे पैसे नव्हते. गाडीवाल्याने काही दिले, बाकीची जमवाजमव झाली. स्ट्रेचर आणले, पण त्याचे एक चाक फिरत नव्हते, म्हणून उतारावरून ते चौघांनी उचलून न्यावे लागले. प्रसूतिकक्षात सिस्टर तयार होत्या, पण गाडी आली हे त्यांना कोणी कळविलेच नव्हते.

आपण ऐकले असेल, या यादीत अनुदान नाही, रस्ता नाही, तज्ज्ञ डॉक्टरांची टंचाईही नाही. कुलूप, कागद, अनामत, चाक आणि निरोप. अहवालातून इतकी वर्षे आम्ही जे मागत होतो, त्यातले काहीच त्या चाळीस मिनिटांत लागले नसते.

अनामतीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्याचा संबंध कायद्याशी आहे आणि येथे बसलेल्या नातेवाइकांनी तो जाणून घ्यावा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तातडीच्या प्रसंगी रुग्णास तत्काळ दाखल करून प्राणरक्षक उपचार द्यावेत, हेही त्या योजनेत स्पष्ट आहे. हे सारे आम्हास ठाऊक होते. सूचनाफलकावर लावलेलेही होते. रात्री दोन वाजता त्या फलकाचा उपयोग काय, हा प्रश्न आम्हास पडला नव्हता.

त्यानंतरचे बदल साधे आहेत. रात्री फाटकास कुलूप लावणे बंद झाले. गर्भवती, अपघातग्रस्त, सर्पदंश व विंचूदंश झालेला आणि श्वास लागलेला असे रुग्ण आधी आत जातात, कागद मागून होतो, आणि अनामतीची चर्चा सकाळी समाजसेवा अधीक्षकांसमोर होते. फाटकावर एक घंटा बसविली. ती प्रसूतिकक्षात आणि अपघात विभागात एकाच वेळी वाजते. आधी आम्ही वॉचमनला एक भ्रमणध्वनी देऊन पाहिला होता. तो उपाय साफ फसला. फोन चार्जिंगला दुसऱ्याच वॉर्डात असे, आणि असला तरी रात्री कोणता क्रमांक लावावयाचा हे कोणास आठवत नसे. घंटा विसरता येत नाही. नोंदवहीतून शेऱ्याचा रकाना काढून तेथे 'फाटकाची वेळ' आणि 'पहिल्या तपासणीची वेळ' असे दोन रकाने छापून घेतले. 'उशिरा आणले' लिहिण्यास आता जागाच उरलेली नाही.

चाकाची गोष्ट देणगीदारांसाठी सांगतो. आमचे एक जुने देणगीदार त्या सुमारास एखादे यंत्र द्यावे या विचाराने आले होते. आम्ही त्यांस स्ट्रेचरची चाके दाखविली. ते काही वेळ बोलले नाहीत. यंत्रावर नाव घालता येते, चाकावर कोठे घालणार? पण त्यांनी सर्व स्ट्रेचर व चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करून दिल्या, दर सहा महिन्यांनी त्यांची देखभाल होईल अशी तजवीजही केली, आणि फलक लावू नका असे आवर्जून सांगितले. त्यांच्या इच्छेचा मान राखून आम्ही आजही त्यांचे नाव घेत नाही. ते या सभागृहातच बसले आहेत.

आपल्या महाराष्ट्रात याहून फार मोठी कामे याच वाटेने झाली आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्या मराठवाड्यातील, जालना जिल्ह्यातील देहेड या गावचे. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे धडधाकट माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत जात होती. पाठ्यपुस्तकांत त्यावर उपाय नव्हता, केंद्रात साधने नव्हती. तक्रारीसाठी याहून सबळ कारण कोणते असू शकते? बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद करीत गेले. विंचवाच्या विषाने शरीरात अशी द्रव्ये उसळतात की रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते, हे त्या नोंदींतून उलगडत गेले. मग रक्तवाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये, हा प्रश्न त्यांनी स्वतःस घातला. रक्तदाबावर वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यातून विंचूदंशावरील उपाय ठरली. १९८६ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे याविषयीचे लेखन प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले, असे सांगितले जाते. २०२२ साली त्यांस 'पद्मश्री' मिळाली. हळदीच्या व सोयाबीनच्या रानात राबणाऱ्या आपल्या माणसांना विंचू काही परका नाही. आमच्या अपघात विभागातील कपाटात ती गोळी असते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ साली तेथे गेले. 'आदिवासी दवाखान्यात येत नाहीत' ही तेथील नित्याची तक्रार होती, आमच्या 'उशिरा आणले'ची सख्खी बहीणच म्हणा. बंग दांपत्याने ती तक्रार उलटी करून आदिवासींनाच विचारले : दवाखान्यात का येत नाही? उत्तरे मोठी विलक्षण आली. मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि आमच्यात तर प्रेताला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळतात. रुग्णाला आत नेऊन नातेवाइकांना बाहेर काढतात. मग शोधग्राम येथे दवाखाना उभा राहिला तो झोपड्यांच्या वस्तीसारखा, रुग्णासोबत घरच्यांना राहता येईल असा. त्याला नाव दिले गेले तेही आदिवासींच्या दैवताचे, माँ दंतेश्वरीचे. पुढे गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत त्यांच्या 'सर्च' या संस्थेने बसविली. एकोणचाळीस गावांतील त्या प्रयोगात नवजात मृत्युदर बासष्ट टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मधून जगापुढे आले. आज आशाताई आपल्या गावागावांतून बाळाला पाहण्यासाठी घरी येतात, त्या कार्यक्रमामागे हा अनुभव आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यांतील निरक्षर स्त्रियांनाच आरोग्यसेविका बनविले. त्याविषयी पूर्वी याच व्यासपीठावरून विस्ताराने बोलणे झाले असल्याने पुनरुक्ती करीत नाही.

आता एक धोका सांगितला पाहिजे. 'तक्रार नको, उपाय सांगा' हे वाक्य हल्ली फार ऐकू येते. वरिष्ठाच्या तोंडी ते आले की कनिष्ठाचे तोंड बंद करण्याचे उत्तम साधन होते. हातमोजे संपले आहेत असे एखादी शिकाऊ परिचारिका सांगावयास आली आणि तिलाच 'मग उपाय सांग' असे ऐकविले, तर पुढच्या वेळी ती येणार नाही. हातमोजे मात्र संपलेलेच राहतील. उपाय सुचविणे ही तक्रार ऐकली जाण्याची अट असू शकत नाही. रुग्णाच्या बाबतीत तर नाहीच नाही. जी सवय मोडावयाची आहे ती आमची, म्हणजे संस्था चालविणाऱ्यांची. रुग्णाची तक्रार ही आमच्यासाठी माहिती आहे, आणि ती मिळाली नाही तर काय होते, ते त्या वॉचमनच्या वहीने आम्हास शिकविले.

शिवाय सर्वच प्रश्न आपल्या हातातले नसतात. तांड्याचा रस्ता आम्ही बांधू शकत नाही. अशा ठिकाणी तक्रार केलीच पाहिजे, पण ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याच्याकडे, लेखी, तारीख घालून आणि पोच घेऊन. ग्रामसभेत ठराव मांडता येतो. २००५ चा माहितीचा अधिकार आहे, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. हीच गोष्ट चहाच्या टपरीवर दहा वेळा बोलली तर ती पावसापाण्याच्या गप्पांत जमा होते. आम्ही स्वतः अनेक वर्षे रस्त्याची तक्रार वार्षिक अहवालात छापीत होतो. रस्ते बांधणाऱ्या खात्यात आमचा अहवाल कोणी वाचीत असेल, असे आम्हास का वाटले असावे, हे आता सांगता येत नाही. गेल्या वर्षी त्या तांड्याच्या ग्रामपंचायतीसोबत आम्ही रीतसर अर्ज केला आहे. पोच मिळाली आहे, रस्ता अद्याप मिळालेला नाही. अर्जाचा पाठपुरावा कोणी व कोणत्या महिन्यात करावयाचा, हे ठरले आहे.

येथे जमलेल्या कुटुंबीयांशीही दोन शब्द बोलावेत असे वाटते. घरात दीर्घ आजाराचा माणूस असला की तक्रारींना अंत नसतो, आणि सेवा करणारा मेटाकुटीस येतो. आमच्याकडे डायलिसिससाठी येणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. जेवण अळणी आहे, पंखा फार जोरात आहे, पंखा फार हळू आहे, हे त्यांचे रोजचे. त्यांचा मुलगा प्रत्येक तक्रारीवर तत्परतेने उपाय करी आणि वडिलांची पुढची तक्रार तयार असे. एके दिवशी आमच्या मेट्रनबाईंनी त्या मुलास सांगितले, "भाऊ, पंख्याचं आम्ही बघतो. तुम्ही जरा त्यांच्यापाशी नुसते बसा." मीठ वाढविणे तर त्यांच्या आजारात शक्यच नव्हते. मुलगा आता डायलिसिसच्या वेळी वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवितो. पंख्याची तक्रार पूर्णपणे थांबलेली नाही, पण आता ती दोघे मिळून करतात. उपाय शोधण्याच्या भरात काही गाऱ्हाण्यांना फक्त कान हवा असतो, हे विसरू नये.

आता कबुलीजबाब. रात्रपाळीस भूलतज्ज्ञ कायमस्वरूपी मिळत नाहीत, हा आमचा प्रश्न आजही सुटलेला नाही. हे वाक्य जुन्या अहवालांत होते आणि यंदाच्या अहवालातही आहे. फरक एवढाच की त्याखाली या वर्षी आम्ही काय केले तेही लिहिले आहे. दोन शेजारच्या रुग्णालयांशी मिळून एक भूलतज्ज्ञ आळीपाळीने ठेवण्याची बोलणी चालू आहेत. निवासासाठी मागील बाजूच्या दोन खोल्या दुरुस्त करावयाच्या आहेत. डॉक्टर टिकत नाहीत अशी तक्रार आम्ही इतकी वर्षे केली, पण सोडून गेलेल्या एका डॉक्टरांस फोन करून 'का गेलात' असे विचारले ते पहिल्यांदा या वर्षी. ते म्हणाले, पगाराचे काही नाही, पण खोलीत पाणी दोन दिवसांनी येत होते आणि पत्नीस करण्यासारखे येथे काही नव्हते. पाण्याचे काम सुरू झाले आहे. दुसऱ्या गोष्टीवर आम्ही विचार करीत आहोत. कोणास काही सुचल्यास अवश्य सांगावे.

बाहेर वऱ्हांड्यात टेबलावर एक वही ठेवली आहे. पूर्वीची तक्रार वही दोरीने बांधलेली असे आणि ती आमच्या कार्यालयात, म्हणजे ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्याच नजरेसमोर असे. ही वही वऱ्हांड्यातच राहील. डावीकडील पान लिहिणाऱ्याचे आहे. तेथे नाव न घालता, जसे सुचेल तसे, कितीही कडक शब्दांत लिहावे. लिहिता येत नसेल त्यांच्यासाठी समाजसेवा अधीक्षक दररोज चार वाजता तेथे बसतात. उजवीकडील पान आमचे आहे. त्यावर काय केले, कोणी केले, कोणत्या तारखेस केले, आणि करता आले नसेल तर का नाही, हे दर सोमवारी लिहिले जाईल. पहिल्या आठवड्यात डावीकडे सात नोंदी आल्या. त्यांतील तीन नोंदी बायकांच्या न्हाणीघराच्या कडीविषयी आहेत. कडी बसविली आहे. चौथी नोंद आमच्या भाषणांच्या लांबीविषयी आहे.

तेव्हा येथेच थांबतो. जेवणाची व्यवस्था मागील अंगणात केली आहे; रुग्णांच्या नातेवाइकांनी प्रथम बसावे, ही विनंती.